खुराड्यात कोंडा

"थंडी? माझ्या कोंबड्यांना? तिची काय बिशाद!"

कुलूपकाकांनी भर अंगणात असं आव्हान दिलं, तेव्हा ऐकायला फक्त काकू आणि पाच कोंबड्या होत्या. कोंबड्यांनी दाणे टिपणं चालू ठेवलं. काकूंनी कपडे वाळत घालणं चालू ठेवलं.

काकांची सारी हयात कुलपं करण्यात गेलेली. माणूस हाडाचा कारागीर, पण हट्टी म्हणजे किती! समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देईल तर शपथ! त्यातून काकूंचा भाऊ जनावरांचा डॉक्टर. गेल्या हिवाळ्यात काकांच्या कोंबड्या शिंकून शिंकून बेजार झाल्या होत्या, म्हणून त्यानं यंदा सरळ बजावलं होतं, "रविवारी येतो. खुराडं थंडीसाठी तयार नसलं, तर पाचही जणींना माझ्याकडे घेऊन जाणार."

काकांना हे मुळीच परवडणारं नव्हतं. कारण त्या पाचांत मोठ्या बाई होत्या! शाळेच्या मोठ्या बाईंसारखी मान ताठ ठेवून फिरणारी ती तांबडी कोंबडी रोज सकाळी काकांच्या मांडीवर बसायची. घरात काकांचं ऐकून घेणारी तेवढी एकच.

शेवटी नाक मुठीत धरून काकांनी मेहुण्याला फोन लावला.

"काय करायचं ते सांग."

"सोपं आहे, भावोजी. खुराड्यात कोंडा. भरपूर. आणि हवा अजिबात बंद—"

"कळलं!" म्हणत काकांनी फोन ठेवलासुद्धा.

"काय म्हणाला हो?" काकूंनी विचारलं.

"कोंडा म्हणाला! हवा बंद करून कोंडा! अगं, जन्मभर दुसरं केलं काय मी?"

आणि काका कामाला लागले. फटीत चिंध्या कोंबल्या, वर फळ्या ठोकल्या, दाराखाली रबराची पट्टी मारली. दाराला स्वतःच्या हातचं खास कुलूप लावलं. दार लोटलं की आपोआप लागायचं, आणि किल्लीचं भोक फक्त बाहेरून!

"सुईसुद्धा आतबाहेर जाणार नाही!" रविवारी सकाळी काकांनी जाहीर केलं. कोंबड्यांना आत घातलं आणि कुठून उजेड येतोय का बघायला स्वतःही वाकून आत शिरले.

थंडीला बहुधा तो अपमान वाटला असावा. वाऱ्याचा एक झोत आला आणि दार खटकन लागलं.

"अगं ए! उघड!"

"किल्ली कुठाय?" बाहेरून काकू.

"माझ्या खिशात!"

"मग द्या की इकडे!"

"कुठून देऊ?"

काकूंना हसू आवरेना. "एखादी फळी काढा ना!"

"माझ्या बंदोबस्ताला मीच भोक पाडू? मुळीच नाही!"

"माझा भाऊ येईल एवढ्यात."

"येऊ दे! त्यानं कुलूप तोडून दाखवावं!"

"अहो, जीव गुदमरेल तुमचा!"

"गुदमरू दे!"

आत अंधार, विष्ठेचा उग्र दर्प आणि पाचजणींचा फडफडाट. काकांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी गडी मांडी घालून बसला, हटेना. एवढ्यात मांडीवर काहीतरी येऊन बसलं. काकांनी चाचपून पाहिलं. मोठ्या बाईंची ताठ मान त्यांच्या मनगटावर लुळी पडली होती, चोच उघडी होती आणि छाती भात्यासारखी हलत होती.

"बाई! अहो बाई!" म्हणत ते उठले आणि छपराखालच्या फळीवर डोक्यानं अशी धडक दिली की फळी थेट अंगणात! गार वारा भसकन आत आला. काकांनी मोठ्या बाईंना त्या भगदाडापाशी धरलं. बाईंनी एक शिंक दिली, मान सरळ केली आणि काकांचं नाक टोचलं. काकांना इतका आनंद जन्मात झाला नव्हता!

"पहिल्यांदाच डोकं वापरलंत," काकू म्हणाल्या.

काकांनी भगदाडातून किल्ली फेकली. ती झेलली नेमकी नुकत्याच पोचलेल्या मेहुण्यानं. त्यानं दार उघडलं, भगदाडाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाला, "वा, भावोजी! थंडीतही हवा खेळती लागते, आणि तीही अशी वरून. अगदी बरोबर जागा निवडलीत!"

"मुद्दामच ठेवलाय तो झरोका," डोक्यावरचं टेंगूळ झाकत काका म्हणाले. "आता माझ्या कोंबड्यांना हात लावून दाखव!"

"राहू द्या इथंच. आता फक्त कोंडा."

"पुन्हा?" काका ओरडले. "आत्ताच तर सुटलो!"

काकूंनी पदर तोंडाशी धरला आणि घरातून खुराड्यात अंथरायच्या कोंड्याचं पोतं ओढत आणून काकांच्या पायाशी आपटलं.

काकांनी पोत्याकडे पाहिलं, मग मेहुण्याकडे. "मग नीट बोलावं माणसानं!" असं ठणकावून त्यांनी पोतं खांद्यावर घेतलं आणि ताठ मानेनं खुराड्याकडे निघाले.

आत शिरण्याआधी मात्र त्यांनी दाराला गुपचूप एक वीट लावली.