आउटरवर उभी आहे

कम्प्युटर अडकला की गायधने काका खुर्चीतून उठून उभे राहतात.

बसून वाट बघणं त्यांना जमतच नाही. माउस सोडतात, दोन्ही हात पाठीमागे बांधतात, पोट आत घेतात आणि पडद्याच्या पलीकडून काहीतरी येणार असल्यासारखे बघत राहतात. बरं, एकटे उभे राहिले असते तर कोणाचं काही म्हणणं नव्हतं. खोलीत जो कोणी असेल त्यानंही उभं राहायचं. एकदा सिलेंडरवाला आला, तर तो बिचारा भरलेला सिलेंडर खांद्यावर घेऊन तसाच उभा! शेवटी घाबरून त्यानं विचारलं, "क्या हुआ बाबूजी?"

काका मान न हलवता म्हणाले, "आउटर पे खडी है. आ जाएगी."

आउटर म्हणजे स्टेशनाच्या बाहेरचा सिग्नल. जागा मोकळी नसली की गाडी तिथे थांबवतात. काका सारी नोकरी डोंगरगडच्या लाइनीवर लहानसहान स्टेशनांत मास्तर होते. गाडी आउटरवर असताना मास्तरनं बसून राहावं ही त्यांच्या मते शरमेची गोष्ट. रिटायर होऊन रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या घरी आले, पण स्टेशन काही सुटलं नाही. चहाला उशीर झाला तर चहा आउटरवर. नळाला पाणी नाही आलं तर नळ आउटरवर. काकूंचा राग उतरत नसला तर काकू आउटरवर. हे शेवटचं मात्र ते हळू आवाजात म्हणतात.

मी त्यांच्या वरच्या खोलीत राहतो. माझं गाव पुसदकडे. नववीत शाळा सुटली, मग इकडेतिकडे हातपाय मारले आणि शेवटी भनपुरीच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल चढवायला-उतरवायला लागलो. माझे मामा कधीकाळी काकांच्या स्टेशनावर नोकरीला होते, त्या ओळखीवर ही खोली मिळाली. मला ताप आला तर काकू भाताची पेज घेऊन जिना चढतात. या दोघांचं माझ्यावर इतकं आहे, की काकांवर चिडायचं झालं तर मला वर जाऊन, दार लावून चिडावं लागतं.

त्या रविवारी वर जायलाही वेळ नव्हता.

झालं असं, की गोदामाच्या मालकानं मला बोलावून सांगितलं, बुकिंगच्या टेबलावरची जागा खाली होत आहे. "दसवी का फॉर्म भरके रसीद दिखा दे, तेरा नाम रख लूँगा. नहीं तो दूसरा देखूँगा." ओपन स्कूलच्या फॉर्मची शेवटची तारीख सोमवार. सोमवारी मला सुट्टी नाही. म्हणजे जे काय व्हायचं ते रविवारीच. टेबल मिळालं तर पाठीवरची पोती कायमची सुटणार होती.

गल्लीच्या तोंडाशी सरकारी फॉर्म भरून देणारं च्वाइस सेंटर आहे. तिथे हे काम चहा पिईपर्यंत झालं असतं. पण काकांच्या कानावर गेलं.

"घरी कम्प्युटर असून पोट्टा बाहेर फॉर्म भरन?" ते म्हणाले. "पाऱ्यातले लोक काय म्हणतीन?"

खरं सांगायचं तर मलाही बरंच वाटलं. तीस वर्षांच्या माणसानं चारचौघांत दहावीचा फॉर्म मागायचा म्हणजे जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून मी सकाळी अंघोळ करून, कोरा शर्ट घालून काकांच्या बैठकीत येऊन बसलो.

कम्प्युटर सुरू होईपर्यंत काकांचा पेपर वाचून झाला. फॉर्मचं पान उघडेपर्यंत काकूंची पूजा झाली. मी माझं नाव टाइप केलं, गजानन. पडद्यावर 'गज' एवढंच आलं आणि सगळं थिजलं. बाण हलेना, घड्याळ हलेना.

काका उभे राहिले. मीही उभा राहिलो.

"काका, बंद करून चालू करू का?"

"गाडी उभी आहे म्हणून इंजिन बंद करतेत का कोणी? येईन."

आली नाही. पडदा पांढराफटक झाला, मग परत आला. 'गजान' झालं. पुन्हा थांबलं. माझ्या कोऱ्या शर्टाला थंडीतही पाठीवर घाम आला. मी गोदामाशेजारच्या कम्प्युटर दुकानातल्या ओळखीच्या भैयाला फोन लावला.

"डब्बा गरम तो नहीं हो रहा?" त्यानं विचारलं.

मी टेबलाखाली वाकलो. कम्प्युटरच्या डब्याला हात लावला तर तवा. आणि त्या तव्यावर, कापडात गुंडाळलेलं पातेलं!

"काकू, हे काय ठेवलं इथे?"

"दही लावलं," काकू आतून म्हणाल्या. "हात नोको लावू. थंडीत दही लागतच नाही, तिथी मस्त लागते."

"अहो काकू, त्याची हवा बंद होते!"

"मंग? तुह्या फॉर्मासाठी दही नाही लावाचं का घरात?"

काकांनी पातेलं दोन्ही हातांनी, गार्डाच्या कंदिलासारखं उचलून खिडकीत ठेवलं. मी डब्याचं झाकण काढून जुन्या ब्रशनं धूळ काढली. इतकी निघाली की काकूंनी ती सुपलीत भरली आणि काकांकडे बघत दारातून बाहेर टाकली. टेबलफॅन लावला. डबा निवला. 'गजानन' पूर्ण झालं. बापाच्या नावापाशी पुन्हा थांबलं.

आम्ही पुन्हा उभे.

"टॅब कितने खुले हैं?" भैयानं फोनवर विचारलं.

टॅब म्हणजे उघडी ठेवलेली पानं, वर एका ओळीत दिसतात. मी बघितलं. इतकी पानं उघडी होती की त्यांची नावं दिसायलाही जागा उरली नव्हती, प्रत्येकाचं नुसतं टीचभर इंजिनाचं चित्र. या टोकापासून त्या टोकापर्यंत इंजिनाला इंजिन लागलेलं. एक उघडून बघितलं. कुठली गाडी आत्ता कुठे आहे ते सांगणारं पान. दुसरंही तेच, गाडी दुसरी. सगळी दर थोड्या वेळानं आपापली नवी माहिती मागवत होती, आणि सगळ्यांच्या मागे माझा फॉर्म उभा होता.

"भैया, मिल गया," मी म्हणालो आणि पहिलं पान बंद करायला गेलो.

काकांनी माझं मनगट धरलं. जन्मात पहिल्यांदा.

"हात काढ. ती शेट्याची गाडी आहे."

"कोण शेटे?"

"तुह्या आधी वर राहत होता. अकोल्याचा पोट्टा. नोकरी लागली, गेला."

"कधी गेला?"

"बरेच दिवस झाले."

"मग आता पोचला असेल ना, काका!"

"असन," काका म्हणाले. "पण त्यानं कळवलं कुठी?"

मग त्यांनी मला बसवून समजावलं, जसं नव्या माणसाला समजावतात. एका स्टेशनानं गाडी सोडली की पुढच्या स्टेशनानं 'गाडी पूर्ण पोचली' असं कळवेपर्यंत ती लाइन तिच्याच नावावर. मागच्या मास्तरनं स्वतःच्या मनानं ठरवायचं नाही, की एव्हाना पोचली असेल. आणि पूर्ण म्हणजे कशी? शेवटच्या डब्याच्या मागे एक पाटी असते. ती डोळ्यांनी दिसली पाहिजे. नाही दिसली तर एखादा डबा मागे सुटून रुळावर उभा असू शकतो.

"मी निघतो म्हणून जो जो सांगून गेला, त्याची गाडी मी लावली. पोचलो म्हणून सांगन, तवा काढतो."

"अहो पण कोणी सांगतच नाही!"

"नाही सांगत," काका म्हणाले. "हाच तर घोळ आहे."

मी कपाळाला हात लावला. दुपार व्हायला आली होती. बुकिंगचं टेबल माझ्या डोळ्यांसमोरून एकेक पायरी उतरून चाललं होतं. रागावून बोलायची हिंमत नव्हती आणि वर जाऊन दार लावायला वेळ नव्हता. मग एकच रस्ता उरला.

"काका, फोन लावा. एकेकाला. विचारून टाका."

त्यांना हे पटलं नाही. कळवायचं काम पुढच्या स्टेशनाचं. पण काकू आतून ओरडल्या, "लावा जी फोन! पोट्ट्याची तारीख चालली," तेव्हा त्यांनी चष्मा चढवला.

शेटे आधी ओळखेना, मग ओरडलाच. "काका! अहो मले आता पोरगी झाली!"

"चांगलं झालं. अकोल्याले पोचला का?"

"काय?"

"पोचला का तू?"

"हो... पोचलो ना, काका."

काकांनी शेट्याचं इंजिन बंद केलं. पुढचा फोन बिलासपूरला. "अंकल, मैं तो अब पुणे में हूँ." काकांचं म्हणणं, पुण्याचं नंतर, आधी बिलासपूरला पोचला होता का ते सांग. एक जण म्हणाला, पोचलो, पण गाडी लेट होती. काका खूश झाले. "माहीत आहे. नागपूरच्या अलीकडे उभी होती."

मग एक गोंदियाची गाडी निघाली. ही काकूंची. काकू भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या.

"पण तुम्ही माह्या बाजूच्या सीटवर होते ना!" काकू विळी सोडून दारात आल्या.

"म्हणून काय झालं?"

"पोचली! गोंदियाले पोचली, जेवली, परत आली, आता मेथी निवडून राहिली. काढा ती गाडी!"

एकेक इंजिन जात होतं, तसा कम्प्युटर श्वास घेत होता. फॉर्ममध्ये बापाचं नाव आलं, आईचं आलं. माझा फोटो चढला. मी खुर्चीच्या कडेला येऊन बसलो होतो.

एक फोन लागला आणि तिकडून आवाज आला, "कौन?"

"गायधने. तात्यापारा. ऊपर का कमरा."

"कौन गायधने?"

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "कुछ नहीं बेटा. पहुँच गए थे न?"

"राँग नंबर," तिकडून म्हणाले आणि फोन ठेवला.

काकांनी चष्मा पुसला. "आवाज त्याचाच होता," ते म्हणाले. "चांगला खणखणीत आहे. म्हणजे पोचला." आणि ते पान बंद केलं. मी दुसरीकडे बघत राहिलो.

फॉर्मनं शाळेचा दाखला मागितला. दाखला माझ्या बॅगेत, अगदी तळाशी होता. मी धावत वर गेलो आणि कॉटखालची बॅगच उचलून खाली आणली. हात घालून कागद ओढला, काकांनी मोबाइलवर फोटो काढला, मी बॅगेची चेन लावली आणि दाखला चढवायला बटण दाबलं.

अर्ध्यावर थांबलं.

वर बघितलं तर फॉर्मच्या शेजारी अजून एक इंजिन शिल्लक. नागपूर, गोंदिया करत रायपूरला येणारी गाडी.

"काका, ही कोणाची राहिली? हिलाही फोन लावा, जाऊ द्या."

काकांनी मोबाइल खाली ठेवला. काकू मेथीची परडी घेऊन दारातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सांगा ना त्याले."

"तुही आहे," काका म्हणाले.

"माझी? अहो, मी तर इथेच आहे. तुमच्यासमोर. तुम्हीच आले होते ना मला घ्यायला स्टेशनवर!"

"आलो होतो. डब्यातून उतरला तवा पहिली गोष्ट काय बोलला, आठवते का तुले?"

मला आठवेना.

"'काका, जमलं नाही तर हप्त्याभरात परत जातो.' 'पोचलो' असं काही म्हणला नाही. मी म्हटलं, थकला असन, उद्या म्हणन." त्यांनी माझ्या पायापाशी ठेवलेल्या बॅगेकडे बोट दाखवलं. "अन् हे पाह्य. आता कागद काढला, लगेच चेन लावली. आल्यापासून बांधलेलीच आहे ही. शेवटच्या डब्याची पाटी मले अजून दिसलीच नाही, गजू. मंग मी लाइन क्लिअर कशी देऊ?"

बॅगेचं खरं होतं. काम आज आहे, उद्या नाही. मालक कधीही जा म्हणेल. मग अंधारात सामान गोळा करत बसायला नको, म्हणून मी ती कधी सोडलीच नव्हती. लागेल तेवढं वरचेवर काढायचो आणि परत ठेवायचो. कोणी बघत असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"सकाळी उठून हे पहिले अंगणातून वर पाहतेत," काकू म्हणाल्या. "जिन्यावर तुह्या चपला दिसल्या, की मंग चूळ भरतेत."

"तू भाजी पाह्य," काका म्हणाले.

मी खाली बसलो आणि बॅग उघडली. दोन पँटी, स्वेटर, आईनं दिलेला स्टीलचा डबा निघाला. सगळ्यात शेवटी तिची गोधडी. दरवर्षी थंडीत मी पातळ चादरीत पाय पोटाशी घेऊन झोपत आलो होतो, पण ती काढली नव्हती. काढली तर परत तेवढ्यात मावली नसती. बॅग उलटी करून झटकली. एक सुटं बटण पडलं, आणि काही नाही.

"काका," मी म्हणालो. "पोचलो. पूर्ण."

काकांनी वाकून बॅगेच्या आत बघितलं. कोपऱ्यांत हात फिरवून बघितला. मग खुर्चीत बसले, माउस धरला आणि माझ्या गाडीवर बोट दाबलं.

इंजिन हललं नाही. पडदा पांढरा झाला.

काका उठून उभे राहिले, हात मागे बांधून. काकू मेथीची परडी घेऊन उभ्या राहिल्या. मीही उठलो, गोधडी छातीशी धरून. तिला अजून गावच्या पेटीतल्या कडुनिंबाच्या पाल्याचा वास होता.

"आउटरवर आहे," या वेळी मीच म्हणालो.

"हव," काका म्हणाले.

शेवटी इंजिन गेलं, फॉर्मही गेला. तेव्हा खिडकीतलं दही अजून पातळच होतं, आणि काकू त्याचा दोष मला देत होत्या. मी पावतीचा फोटो मालकाला पाठवला. तोवर काकांनी माझी रिकामी बॅग उचलली, त्यांच्या आतल्या खोलीत नेली आणि माळ्यावर पार मागे सरकवली. तिथे शिडीशिवाय हात जात नाही, आणि शिडी ते स्वतःच्या पलंगाखाली ठेवतात.