पान क्रमांक ९७

फॉर्म हरवल्याचं घरात कळलं ते सोमवारी सकाळी, आणि पुढच्या पाच मिनिटांत आरोपीही ठरला. आरोपी बाइंडर. दुसरं कोणी ठरणं शक्यच नव्हतं, कारण घरात दोनच माणसं राहत होती आणि त्यातलं एक फॉर्म शोधत होतं.

"बाबा, इथे टेबलावर माझा फॉर्म होता."

"असेल."

"असेल नाही, होता. तीन आठवडे होता. कुठे ठेवलात?"

"मी कशाला ठेवू? मी त्याला हातसुद्धा लावला नाही."

"तेच म्हणते. तीन आठवडे हात लावला नाहीत, आणि शुक्रवारी द्यायचाय म्हटल्यावर फॉर्म गायब."

बाइंडरने सुई खाली ठेवली. बत्तीस वर्षं तो कचेऱ्यांच्या वह्या आणि ग्रंथालयांची पुस्तकं बांधत होता. परक्यांची कागदपत्रं गठ्ठ्यांनी घरात यायची आणि तशीच्या तशी परत जायची. एक चिठोरं कधी इकडचं तिकडे झालं नव्हतं. आणि आता पोटची पोर उलटतपासणी घेत होती.

"म्हणजे मी लपवला?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तोंडाने नाही म्हटलंस. तोंडावर लिहिलंय सगळं."

फॉर्म होता परदेशी जाण्याचा. मुलीची कॉलेजची शेवटची परीक्षा नुकतीच झाली होती. एक संस्था अशा मुलांना समुद्रापलीकडच्या एका गावातल्या शाळेत दोन वर्षं शिकवायला पाठवायची. पगार नाही. राहायला खोली आणि दोन वेळचं जेवण. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाइंडर म्हणाला होता, "खोली इथेही आहे. जेवण दोनदा इथेही मिळतं. पगार इथेही कोणी देत नाही. मग एवढ्या लांब जायचं कशाला?" त्यानंतर या विषयावर तो एकच शब्द बोलायचा. "बघतो." तीन आठवडे तो बघत होता, म्हणजे फॉर्म सोडून बाकी सगळीकडे बघत होता.

"एवढं काय त्यात?" तो आता म्हणाला. "संस्थेकडून दुसरा घेऊन ये. कागदच तो."

"दुसरा नाही चालणार."

"का? त्यांच्याकडचे संपले?"

"नाही चालणार म्हटलं ना, बाबा." एवढं बोलून ती आत गेली आणि तिने कपाटाचं दार नको तेवढ्या जोरात लावलं.

दुपारी तिच्या मावशीचा फोन आला. मावशी म्हणजे बाइंडरची मेहुणी. ती कधीही प्रास्ताविक करत नसे.

"भावोजी, देऊन टाका तो फॉर्म."

"माझ्याकडे नाही."

"ताई असती तर असं झालं नसतं."

"ताई असती तर पुष्कळ गोष्टी झाल्या नसत्या," बाइंडर म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. चौदा महिने झाले होते ताईला जाऊन. एवढ्या दिवसांत या वाक्याला दुसरं उत्तर त्याला सुचलं नव्हतं.

मंगळवारी त्याला शोध लागला, आणि लागला नसता तर बरं, असं झालं.

तो टेबल आवरत होता. पाणीपुरवठ्याच्या कचेरीने तक्रारींच्या नोंदवहीसाठी रेघांचे ऐंशी कागद मोजून पाठवले होते. ऐंशी कागद, एकेकाची चार पानं, म्हणजे वही तीनशे वीस पानांची. ती बांधून त्याने शनिवारी पोचती केली होती. आणि आता कापडाखालून त्यांतलाच एक कागद निघाला. एक्क्याऐंशीवा नव्हता तो. ऐंशीवा होता. वही तर पुरती तीनशे वीस पानांची झाली होती, त्याने स्वतः मोजली होती. मग ऐंशीव्या कागदाच्या जागी आत शिवलं गेलं काय?

बाइंडर स्टुलावर बसला. त्याच्या टेबलाची एक शिस्त होती. डावीकडे शिवायचं, उजवीकडे शिवून झालेलं. डावीकडच्या स्टुलावर बायको बसायची. प्रत्येक कागद उलटून पाहायची, दुमडायची आणि मग त्याच्याकडे सरकवायची. तो शिवायचा. कागदावर काय आहे हे त्याने बत्तीस वर्षांत वाचलं नव्हतं. वाचत बसलं तर शिवून कधी व्हायचं? वाचायचं काम तिचं होतं. आता दुमडायचं काम त्याच्याकडे आलं होतं. वाचायचं कोणाकडेच आलं नव्हतं.

"तू तो फॉर्म कुठल्या बाजूला ठेवला होतास?" त्याने मुलीला विचारलं.

"आई बसायची तिथे. दिवसातून दहादा तुमची नजर जाते तिकडे. म्हटलं, दिसेल."

"डावीकडे?" बाइंडर कडाडला. "बाइंडरच्या घरात जन्मलीस, बावीस वर्षं इथे वाढलीस, आणि सुटा कागद डावीकडे ठेवतेस? डावीकडे आला तो शिवला जाणार, हे तुला सांगायला हवं?"

"म्हणजे तुम्ही शिवलात?"

"मी नाही शिवला. तू शिवून घेतलास."

बुधवारी तो उरलेला कागद, सुई, दोरा आणि कात्री घेऊन पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेला. पाच मिनिटांचं काम होतं. दोरा उसवायचा, कागद बदलायचा, पुन्हा शिवायचा. कारकुनाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग नोंदवही उघडून पहिलं पान त्याच्यापुढे धरलं. तिथे लिहिलं होतं की या नोंदवहीत तीनशे वीस पाने असून ती मोजून खात्री केली आहे. खाली सही, तारीख, गोल शिक्का.

"पानांवर नंबर मारून झाले, काका. आता यातलं पान काढायचं तर वरच्या कचेरीची परवानगी लागते. तीन महिने धरा."

"पण त्यात आमचा फॉर्म आहे."

"होता. आता ते पान क्रमांक सत्त्याण्णव आहे."

"एवढे नंबर मारलेत, तेव्हा दिसलं नाही का तुम्हाला?"

"नंबर मारताना वाचत कोण बसतं?"

यावर बाइंडरला खूप काही बोलायचं होतं, पण एकही वाक्य असं सापडेना की जे उलटून त्याच्याच अंगावर येणार नाही. शिवाय खरं सांगायचं तर त्याला आतून जरा हलकं वाटत होतं. आपण आलो, मागितलं, नियम आडवा आला. घरी जाऊन छातीवर हात ठेवून सांगता येईल. फॉर्म नाही, तर शुक्रवार नाही. शुक्रवार नाही, तर दोन वर्षंही नाहीत.

"नियम तो नियम," तो बऱ्यापैकी समजूतदारपणे म्हणाला. "बघू तरी कसा शिवला गेलाय."

त्याला फक्त शिलाई बघायची होती. त्याच्याकडे चार कागद एकात एक घालून दुमडले की सोळा पानांचा फर्मा होई. फॉर्म सातव्या फर्म्याचा सगळ्यांत बाहेरचा कागद झाला होता. त्यामुळे त्याचा पहिला भाग सत्त्याण्णव नंबरवर होता आणि उरलेला मधली बारा पानं ओलांडून एकशे अकरावर. शिलाई अगदी सरळ होती. त्याला बरं वाटलं. मग त्याने शेवटचं, एकशे बारावं पान उलटलं.

तिथे तीन चौकटी होत्या. अर्जदार, आई, वडील. मधल्या चौकटीत सही होती. शेवटचं अक्षर चौकटीबाहेर गेलेलं. तिचं ते नेहमीच जायचं. रेशनच्या कार्डावर गेलं होतं, मुलीच्या प्रगतिपुस्तकांवर दरवर्षी गेलं होतं. शेजारी 'मत' असं छापलेलं होतं आणि तिथे तिने लिहिलं होतं, "माझी हरकत नाही. तिच्या वडिलांशी मी बोलते." तारीख दीड वर्षापूर्वीची.

बाइंडर उभा होता तो बाकावर बसला.

बोलते म्हणे. कधी बोलली? दीड वर्षापूर्वी दोघींनी मिळून ठरवलं, सही केली, आणि तो समोर बसून शिवत होता. रोज आठ तास हातभर अंतरावर बसून दुमडत होती बाई, आणि एक अक्षर बोलली नाही. योग्य वेळ बघत असणार. नेहमीच बघायची. आणि मग तीन दिवसांच्या तापात वेळच संपवून टाकली. आता भांडायचं कोणाशी? त्याला इतका राग आला की डोळ्यांपुढची पानं धूसर झाली.

"काका, पाणी देऊ?" कारकुनाने विचारलं.

"पाणी नको. हे पान पाहिजे."

"आत्ता तर नियम तो नियम म्हणालात."

"आत्ताचं सोडा. ही सही आमच्या घरातल्यांची आहे. त्या आता नाहीत. दुसऱ्या कागदावर ही सही कुठून आणू? वरच्या कचेरीची परवानगी आणाल त्यावर?"

कारकुनाने वाकून ते पान वाचलं. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "परवानगीशिवाय पान काढता येत नाही, हा एक नियम. पण नोंदलेल्या तक्रारीचं तीन दिवसांत निवारण झालंच पाहिजे, हाही नियमच आहे. तुम्ही तक्रार नोंदवा."

"कशात?"

"यातच. दुसरी वही कुठे आहे?"

म्हणून बाइंडरने स्वतः बांधलेल्या नोंदवहीत त्याच नोंदवहीविरुद्ध तक्रार नोंदवली. तक्रार क्रमांक एकतीस. रकाने आधीच ठरलेले होते. गळतीचे ठिकाण: पान सत्त्याण्णव ते एकशे बारा. गळतीचा प्रकार: एक कागद. किती दिवसांपासून? इथे त्याचं पेन बराच वेळ थांबलं. मग त्याने लिहिलं, शनिवारपासून.

"आता पाहणी व्हायला हवी," कारकून म्हणाला. "फिटरच्या पाहणीशिवाय निवारण होत नाही. उद्या या."

गुरुवारी फिटर आला. खांद्यावर पाने-पक्कड, चपला चिखलाने भरलेल्या. त्याने तक्रार वाचली, कारकुनाकडे पाहिलं, बाइंडरकडे पाहिलं.

"पाइप कुठाय?"

"पाइप नाही. पान आहे."

"मी पानाचं काय करू?"

"बघ आणि सही कर," कारकून म्हणाला.

फिटरने सत्त्याण्णव नंबरचं पान बघितलं, एकशे बारा नंबरचं बघितलं आणि ते वाचलं. या वहीच्या आयुष्यात ते पान वाचणारा तो तिसरा माणूस, आणि वाचणं हे त्याचं काम नव्हतं. मग त्याने शेऱ्यात लिहिलं, "पाहणी केली. तक्रार खरी आहे. ताबडतोब बदलावे."

"पोरगी जाणार का मग?" जाता जाता त्याने विचारलं.

"जाणार म्हणजे काय!" बाइंडर उसळला. "एवढं सगळं कशासाठी चाललंय?"

कागद बदलून, वही पुन्हा शिवून तो घरी आला तेव्हा मुलगी त्याच्याच टेबलापाशी, आईच्या स्टुलावर बसली होती. त्याने फॉर्म तिच्यापुढे ठेवला. फॉर्मला मधोमध सुईची पाच भोकं पडली होती आणि कोपऱ्यांत सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, एकशे अकरा, एकशे बारा असे आकडे होते. मुलीने आधी शेवटचं पान उलटलं. तिथलं अक्षर शाबूत आहे हे पाहिलं आणि मगच भोकांकडे बघितलं.

"मला सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"आई म्हणाली होती, ती बोलेल. मग... मग मी कशी बोलणार? म्हणून तर ठेवला होता तिथे. तुम्ही वाचाल म्हणून."

"मी वाचत नाही, माहीत आहे ना? बरं, ते जाऊ दे. उद्या शुक्रवार. कधी निघायचंय तुला?"

"माझं अजून ठरलं नाही, बाबा."

"काय?"

"अजून ठरलं नाही."

"मी तिथे तक्रार नोंदवली! फिटर आणवला! त्याच्याकडून पाहणी करून घेतली! आणि तुझं ठरलं नाही?"

"माझी तरी सही कुठे आहे त्यावर? बघा ना. मला फॉर्म पाठवण्यासाठी नको होता. मला तो नुसता हवा होता. तुम्ही तीन आठवडे जा म्हणत नाही, राहा म्हणत नाही. मी गेले तर तुम्ही एकटे शिवत बसाल आणि काय काय शिवाल कोणास ठाऊक. एकटीने कसं ठरवू?"

बाइंडरला रागवायचं होतं. चार दिवस तो अगदी व्यवस्थित रागावलेला होता, आणि अजून पुष्कळ शिल्लक होतं. पण कोणावर, ते सापडेना. तो समोर बसला. तीन चौकटींपैकी एकच भरलेली होती. घरातल्या तिघांत फक्त बायकोचंच ठरलं होतं, आणि तेवढं सांगायचं मात्र राहून गेलं होतं.

त्याने फॉर्म उचलला आणि टेबलाच्या उजव्या बाजूला ठेवला.

"इथे राहू दे," तो म्हणाला. "इथला शिवला जात नाही."

फॉर्म अजून तिथेच आहे. त्यावर दोन सह्या व्हायच्या राहिल्या आहेत.