तात्यांचं बीपी मी उतरवलं

बीपी उतरवायला डॉक्टरच लागतो, असं ज्याला वाटतं त्यानं मला येऊन भेटावं! नववीतनं शाळा सोडलेला गडी काय करू शकतो, ते घोडेगावच्या डोळ्यांच्या शिबिरात सगळ्यांनी बघितलंय.

आमचे चुलते सावळारामतात्या डिंभ्याच्या धरणात मासे धरत्यात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मागल्या हप्त्यात जाळं समजून काकीचं वाळत घातलेलं लुगडं धरणात फेकलं! ऑपरेशन झालं न्हाई तर धंदा बंद. अन् शिबिराचा शेवटचा दिवस. हुकलं तर पुढच्या साली.

लंकाकाकी म्हणली, "गोरख, तू संगं जा. मी मागनं डबा घेऊन येते. तोंड तेवढं बंद ठेव."

"माझं तोंड कवा उघडं असतं गं?" असं खेकसून मी निघालो.

तात्यांना खाटेवर निजवलं, डोळ्यांत औषध घालून वर कापूस ठेवला. मंगल सिस्टरनं दंडाला पट्टा बांधला, फुस्स फुस्स हवा भरली अन् तिचं तोंड कारलं खाल्ल्यागत झालं. "एकशे नव्वद! एवढ्यावर ऑपरेशन न्हाई व्हायचं."

पुण्याच्या डॉक्टरीणबाई आल्या. "कालच्या तपासणीत तर चांगलं होतं. घाबरलेत आजोबा."

"घाबरल्यावर डोक्यात जाईल, रक्तात कसं जातंय?" मी विचारलं.

"अरे, भीती वाटली की मूत्रपिंडांवरच्या गाठींमधून रस सुटतो. रक्तातून सगळीकडं फिरतो. रक्तवाहिन्यांवर त्याच्यासाठी जागा असतात. कुलपात किल्ली बसावी तसा तो तिथं बसतो आणि वाहिनी आवळते. नळी बारीक झाली की दाब वाढणारच."

मला चटकन कळलं! कांद्याला पाणी देताना पाइपाचं तोंड चिमटीत धरलं की पिचकारी उडती, तसं!

"मूत्रपिंड असतंय कुठं?"

"कमरेच्या वर, पाठीकडं. अर्धा तास त्यांना शांत पडू दे. नाही उतरलं तर मात्र घरी न्या."

अर्धा तास! मला अर्धा मिनिट बसवत न्हाई. खाटेभोवती घाण्याच्या बैलागत फेऱ्या सुरू केल्या.

"तात्या, शांत वाटतंय का?"

"व्हय."

"आता?"

"व्हय रं बाबा."

"मग व्हा की शांत! न्हाईतर आंधळे ऱ्हाल!"

तात्यांच्या कपाळाला घाम फुटला.

तेवढ्यात त्यांनी कूस बदलली अन् मला दिसला करदोडा! काळा, जाडजूड, कमरंत असा रुतलेला की वर मांसाची वळकटी! म्हणलं, सापडला चोर! लिंबू पिळल्यावर रस गळणारच की! गाठी ह्यो दाबतोय, अन् ही शिकलेली माणसं भीती-भीती करत बसल्यात! ट्रेमधली कात्री उचलली. कच्च!

आता आमच्याकडं गड्याचा करदोडा तोडत्यात एकदाच. गडी गेल्यावर. हे मला ठाऊक नव्हतं असं न्हाई. पण घाईत कुणाला सगळंच आठवतंय?

अन् नेमकी त्याच वक्ताला दारात काकी! तिनं बघितलं, नवरा आडवा, डोळ्यांवर कापूस, माझ्या हातात तुटका करदोडा. डबा खाली आपटला, कालवण पार खाटेखाली.

"गेलं गं माझं कुकू!"

तात्या पडल्यापडल्या म्हणले, "कोण गेलं गं?"

"तुमीच की वो!"

तात्यांनी कंबर चाचपली. एकदा पुढनं, एकदा मागनं. "आयला, खरंच की!" अन् त्यांनीच गळा काढला!

शेजारच्या खाटेवरचे भिकाबाबा ओरडले, "पयल्याच नंबरचा गेला! पळा!" डोळ्यांवर कापूस घेऊन म्हातारी माणसं उठली. एक कपाटात शिरला, दोघं एकमेकांवर आदळून "आधी तू सरक!" म्हणून भांडायला लागली.

डॉक्टरीणबाई धावत आल्या, तात्यांना पट्टा बांधला. दोनशे वीस!

"कोणी केलं हे?"

"मी रस बंद केला!" मी चढ्या आवाजात म्हणलो. "तुमाला जमलं न्हाई म्हणून!"

बाईंनी दाराकडं बोट केलं. काकीनं मला दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं.

उन्हात उभा ऱ्हायलो. चिडलो व्हतो. तात्यांचे डोळे मीच घालवले का काय, म्हणून फाटकाच्या फटीतनं आत डोकावत ऱ्हायलो. लई येळानं मंगल सिस्टर आली.

"उतरलं बीपी. आत घेतलं त्यांना ऑपरेशनला."

"गोळी कुठली दिली?"

"गोळी काढूस्तोवर उतरलं की! तू फाटकाबाहेर गेलास, आजोबांनी लांब श्वास सोडला अन् घोरायलाच लागले."

उद्या पट्टी सुटणार हाय. तात्यांनी निरोप धाडलाय, पट्टी सोडताना गोरखला घोडेगावात ठेवू नका. म्हणून मी निमगाव साव्याला मावशीकडं निघालोय. मी चिडलोय का? अजिबात न्हाई! बीपी उतरवलं कुणी, एवढंच सांगा!