देवणीचं पाणी

शिवरुद्रअप्पा नमस्काराच्या आधी समोरच्याच्या घरातल्या बाईची बोटं विचारत. उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्यांचं आडतीचं दुकान होतं. शेतकरी ज्वारीची पोती उतरवून घामाघूम उभा असे, त्याला भाव हवा असे, आणि अप्पा गादीवरून म्हणत, "भाव बघू की. घरी बोटं कशी हायत?" नव्या माणसाला वाटे, इथं बोटं बघून माल घेतात.

मी नांदेडहून इथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला आलो आणि अप्पांच्या माडीवरची खोली बघायला गेलो. "लगीन झालंय?" नाही म्हणालो. "मग आईची बोटं?" बरी आहेत म्हणालो. "मग घ्या खोली," अप्पा म्हणाले. भाड्याचं बोलणं नंतर झालं.

या चौकशीचं मूळ त्यांच्या घरातच होतं. महानंदाकाकूंचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे, सांधे सुजत. सकाळी मूठ वळत नसे. म्हणून भाकरी अप्पा थापत. कपाळावर भस्माचे पट्टे, धोतर खोचलेलं आणि परातीवर दणादण हात. लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता आणि हद्द कुठून कुठे गेली यावर हॉटेलाहॉटेलात वाद चालत. अप्पांची भाकरी ताटात पडली की काकू ती नव्या जिल्ह्याच्या नकाशासारखी फिरवून बघत आणि म्हणत, "आज निलंगा बाहेर ऱ्हायला जणू." अप्पा गंभीरपणे ती बाजू दाबून सारखी करत.

काकूंचं माहेर देवणीचं. मुलाच्या, मल्लूच्या वेळी दिवस गेले तेव्हा त्यांना लवकरच माहेरी पाठवलं होतं. तिथं सूज उतरली, बोटं मोकळी झाली, काकू चक्क जात्यावर बसल्या. बाळ घेऊन उदगीरला परत आल्या आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा सगळं सुरू, आधीपेक्षा वाईट. पोटचं पोर उचलता येईना. अप्पा बाळाला धरून काकूंच्या छातीशी लावत. सगळ्यांनी एकच निकाल दिला, उदगीरचं पाणी बाधलं. तेव्हापासून मल्लू शाळेत जायला लागला तरी दर रविवारी अप्पा एस.टी.ने देवणीला जात आणि सासूबाईंच्या विहिरीचं पाणी दोन कॅन भरून आणत. मी एकदा शंका काढली, तर म्हणाले, "सर, तुमी बेडकं फाडा."

मग दुष्काळ पडला. उदगीरचे नळ कोरडे आणि टँकरपुढे भांडणं. भरलेले कॅन घेऊन बसमध्ये चढणाऱ्या अप्पांकडे लोक सोन्याची पेटी बघावी तसे बघत. कंडक्टर म्हणे, "अप्पा, पाण्याला फुल तिकीट का हाफ?"

नवा जिल्हा झाला म्हणजे लातुरात मोठे डॉक्टर येणार, असं अप्पांनी धरून ठेवलं होतं. तशा एक डॉक्टरीणबाई आल्याचं कळलं आणि आम्ही तिघं गेलो. मी सायन्सचा माणूस म्हणून.

बाईंनी काकूंची बोटं एकेक दाबून पाहिली. "मधे कधी बरं वाटलं होतं का?"

"देवणीला," अप्पा म्हणाले. "पाण्याचा गुण."

"तेव्हा बाळ पोटात होतं ना?"

अप्पांनी मान हलवली. बाईंनी सावकाश सांगितलं. रोगाशी लढणाऱ्या पेशी या आजारात आपल्याच सांध्यांवर तुटून पडतात. बाईच्या शरीरातली हार्मोन्स त्यांना कधी चिथावतात, कधी शांत करतात. म्हणूनही असले आजार बायकांना जास्त. पोटात बाळ असताना काही हार्मोन्स खूप वाढतात, पेशी नरमतात आणि पुष्कळ बायकांची सूज उतरते. बाळंतपणानंतर तीच हार्मोन्स एकदम खाली येतात, की दुखणं परत.

अप्पांनी बराच विचार केला. "म्हंजे राखणदारच खळं लुटून ऱ्हायलेत. आन् लेकरू पोटात असलं की मालकीण त्यास्नी दटावती, गप बसा, घरात पावणा हाय."

"अगदी तसंच," बाई हसल्या आणि गोळ्या लिहून दिल्या.

परतीच्या बसमध्ये काकू खिडकीकडे बघत म्हणाल्या, "मग अजून एक लेकरू..."

"न्हाई," अप्पा म्हणाले. "तुला लेकरू उचलता येईना म्हणून रडताना मी बघितलंय. पुन्हा न्हाई बघायचं." त्यांचा एवढा खालचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मग देवणीची आई आठवून काकू म्हणाल्या, "अव्वाला पाण्याचं सांगू नका."

मला वाटलं, देवणीच्या फेऱ्या संपल्या. रविवारी सकाळी बघतो तर अप्पा जिन्याखाली उभे. "सर, दोन कॅन धरता का?" चार कॅन होते. दोन रिकामे आणि दोन भरलेले. घरात अंघोळीला लोटाभर मिळत होतं, ते का, हे तेव्हा कळलं. कंडक्टरने कपाळाला हात लावला. "जातानाबी पाणी?"

देवणीला विहिरीने तळ गाठला होता. म्हातारी अव्वा एकटीच राहायची. तळातल्या झऱ्याचं पाणी वाटीवाटीने काढायचं, फडक्यातून गाळायचं आणि लेकीसाठी आठवडाभर साठवायचं, असं तिचं चाललं होतं. स्वतः काय पीत होती, देव जाणे. भरलेले कॅन बघून तिने नाक मुरडलं. "उदगीरचं पाणी? माज्या लेकीचं वाटोळं केलं त्यानं. मला नगं."

"गाईला आणलंय, अव्वा," अप्पा म्हणाले आणि मला खूण केली. मी अंगणात अव्वाला गाईच्या वंशावळीबद्दल विचारत बसलो, देवणी जातीच्या गाईच्या मालकिणीला तेवढं पुरतं. अप्पांनी एक कॅन गाईच्या घमेल्यात ओतला आणि दुसरा गुपचूप घरात, अव्वाच्या पिण्याच्या रांजणात.

निघताना म्हातारीने साठवलेलं पाणी आमच्या रिकाम्या कॅनमध्ये स्वतः ओतलं. तिची बोटंही वाकडी होती. मग तिने जावयाकडे पाहून विचारलं, "बोटं कशी हायत?"

मोंढ्यात रोज ऐकलेला तो प्रश्न, तोच सूर. आज उत्तर अप्पांना द्यायचं होतं.

"गुण येऊन ऱ्हायलाय, अव्वा. तुमच्या पाण्याचा."

म्हातारीचा चेहरा असा उजळला, की मला तिकडे बघवेना. बसमध्ये अप्पांनी एक कॅन मांडीवर घेतला आणि दुसरा माझ्याकडे दिला. रस्ता खराब होता.

"नीट धरा, सर," ते म्हणाले. "सांडू नका."