सायरबाईंची साखर उतरली त्या मोहिमेची हकीकत

श्रीमंगल असो. चोपडे शहरी, सातपुड्याच्या पायथ्याशी, डॉक्टरीण भूमिकाबाई यांचा दातांचा दवाखाना आहे, त्या ठायी जो आकांत गुदरला त्याची खरी हकीकत त्यांच्या सासूबाई, आम्ही मंदाबाई, सांगतो; ज्यांस खोटी वाटेल त्यांनी समोर येऊन बोलावे, पाठीमागे कुजबुजू नये.

तरी वर्तमान ऐसे जे, आमची सून म्हणोन वाखाणतो ऐसे नाही, भाकरी अजून नकाशासारखी थापते, परंतु दवाखान्याचा बंदोबस्त मोठा कडेकोट. दात काढता काढता रोगी कोसळलाच तर हयगय होऊ नये म्हणोन तिने प्राणवायूचे नळकांडे, सुया, साखर मोजण्याचे यंत्र आणि ग्लुकोजचा डबा ऐसा सरंजाम खुर्चीच्या उशाशी मांडला, आणि दर महिन्यास कवायतीचा हुकूम काढला. घंटा वाजली की मदतनीस भिकन याने रोगी होऊन भुईवर कोसळावे, आणि नोंदवहीच्या मेजावर बसणाऱ्या मोहिनीने एकशे आठास फोन करण्याचे सोंग करावे, आणि मग डॉक्टरीणबाईंनी खासा उपचार करावा. भिकन पडण्यात तरबेज जाहला. ग्लुकोजचा पेला घटाघटा प्यावा आणि वर दुसरा मागावा.

मग एके सकाळी कापडवाले निर्मलकुमारशेठ यांच्या मातोश्री सायरबाई दाढदुखीने जेर होऊन, नातसून प्रियल हीस घेऊन, खुर्चीवर आरूढ जाहल्या. त्या दिवशी त्यांचे एकासणे, म्हणजे जैन व्रताप्रमाणे दिवसात एकदाच बसून जेवणे. आणि मधुमेहाची गोळी मात्र सकाळीच उपाशीपोटी घेतलेली. व्रताचा डांगोरा नको म्हणोन त्या बोलल्या नाहीत, आणि आमच्या शिकलेल्या सुनेनेही पुसले नाही.

पकड उचलावी इतक्यात सायरबाईंस दरदरून घाम सुटला, आणि हात कापू लागले, आणि त्या प्रियलला निर्मल म्हणोन हाका मारू लागल्या. मोहिनीने घंटा ठोकली. घंटा ऐकताच भिकन सवयीने धाडकन भुईवर आडवा!

"ऊठ रे भिकन," आम्ही दारातून गरजलो, "आज तुनी पाळी नई शे!"

तो शरमून उठला आणि यंत्र घेऊन धावला. साखर पार तळाशी गेलेली. डॉक्टरीणबाईंनी मोहिनीस खरा फोन लावण्यास फर्माविले, आणि सांगितले की शुद्ध आहे तोवरच घोट देता येईल, शुद्ध गेली तर तोंडात थेंबही घालता येणार नाही, मग सुई, आणि बाईंच्या जिवाचा भरवसा नाही.

ग्लुकोजचा पेला पुढे आला, आणि सायरबाईंनी तोंड फिरविले. एकासणे मोडणार नाही म्हणाल्या. सारे लष्कर जागीच थिजले, कां की कवायतीत भिकन कधी नको म्हणाला नव्हता. सुनेने विनविले, व्यर्थ. मग आम्ही पुढे सरलो: "सायरबाई, तुमच्या दुकानात आजवर साडीचा भाव कधी उतरवला नाहीत, आता निदान तोंड तरी उघडा!" तेही व्यर्थ.

तेव्हा प्रियल कानाशी वाकली. "दादीसा, सकाळची गोळी कशी घेतलीत? पच्चक्खाणात, व्रताच्या संकल्पात, औषधाची सूट ठेवली, म्हणूनच ना? मग हेही औषधच."

सायरबाई क्षीण आवाजात पुसत्या जाहल्या, "पाणी उकळलेलं आहे?"

एकासण्यात उकळलेलेच पाणी चालते, आणि हे तसे नव्हते. भिकनने तो पेला स्वतः न पिता ओतून दिला, हेही नमूद असावे; आणि प्रियलच्या बाटलीतील उकळलेल्या पाण्यात नवा घोळून दिला. सायरबाई प्याल्या. घटकाभरात घाम निवाला, साखर चढली, प्रियल ओळखू आली, आणि पहिला शब्द आम्हांस मिळाला: "मंदाबाई, एवढं ओरडता कशाला? मी दातानं आजारी आहे, कानानं नाही."

एकशे आठवाले आले, तपासून खुशाली देऊन गेले. मग घरून डबा येऊन सायरबाईंनी दवाखान्याच्या बाकावरच मांडी घालून एकासणे यथासांग पार पाडिले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. बाईंचा जीव आणि व्रत दोन्ही राखिले, दाढ तेवढी गनिमाकडे राहिली. जेवलात का, गोळी घेतली का, उपास आहे का, हे पुसल्यावाचून कोणास खुर्चीवर बसवू नये, ऐसा सुनेचा सक्त हुकूम सुटला. आणि भिकनची जागा आम्हांस बहाल जाहली: घंटा वाजली की आम्ही कोसळतो, आणि पेला पुढे आला की साफ नाही म्हणतो. सुनेने समजूत काढून दाखवावी. अद्याप तिला साधलेले नाही. कळावे.