दौलूतात्यांच्या चार सऱ्या

आमच्या शेजारच्या दौलूतात्यांचा ऊस थेट संडासाच्या दारापर्यंत आला होता. रान पाऊण एकर. तिथं बांधाला बांध लागेपर्यंत ऊस होताच, पण घरामागच्या परड्यातही ऊस. पाहुणा आत गेला की पाल्यानं हात कापून घेऊनच बाहेर यायचा. त्यावर तात्यांचं म्हणणं, "पावणं, जरा तिरकं व्हऊन जायचं की! ऊस तुमच्या वाटंत आलाय व्हय? तुमी त्याच्या वाटंत आलाय."

मी राहायला गडमुडशिंगीत आणि कामाला कागलच्या एमआयडीसीत. पहिल्या पाळीला निघालो की तात्या हात मागं बांधून बांधावर उभे असायचे, सलामी घ्यायला आल्यासारखे. "उसासारखं पीक न्हाय," हे रोजचं पहिलं वाक्य. दुसरं, "ऊस सोडून जे उगवतंय ते तण." म्हणजे भात, ज्वारी, तूर, मिरची, जगाचं पोट भरणारं सगळं तणच.

त्यांच्या बायकोनं, सुशीलाकाकींनी, एकदा परड्याच्या कोपऱ्यात वांग्याची रोपं लावली होती. तात्यांनी ती खुरप्यानं काढली आणि वर सांगितलं, "तण वाटलं मला." काकी म्हणाल्या, "मीबी तसलीच वाटत आसंन तुमास्नी." तात्यांना यातलं काही लागलं नाही.

मग खायला काय? तांदूळ दुकानातला, ज्वारी दुकानातली, भाजी आठवड्याच्या बाजारातली. पण शेतकरी भाजी विकत घेतोय हे गावाला दिसायला नको. म्हणून तात्या बाजाराला खताचं रिकामं पोतं घेऊन जायचे. तळाला मेथीची एक जुडी, वर म्हशीची पेंड. एकदा पोत्यातनं कोथिंबीर बाहेर डोकावत होती. मी म्हटलं, "तात्या, म्हैस कोथिंबीर खाती काय?"

"चवीची हाय ती," म्हणाले आणि गाडी पळवली.

दूध दोन्ही वेळचं डेअरीला. घरात काळा चहा. तो आपल्यापुढं ठेवून तात्या म्हशीच्या दुधाला फॅट किती लागते याचं वर्णन करायचे.

गेल्या शिमग्याच्या आधी काकी घागर उतरवताना चक्कर येऊन पडल्या. माझ्याच गाडीतनं त्यांना कोल्हापुरात दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. रिपोर्ट बघून म्हणाल्या, "रक्त फार कमी आहे. जेवणात काय असतं?"

"भाकरी-आमटी," काकी म्हणाल्या. "आमटीत कवा डाळ आसती, कवा नसती."

"पालेभाजी? दूध? अंडी?"

काकी तात्यांकडं बघत राहिल्या.

"शेती आहे ना तुमची? काय पिकतं?"

तात्यांनी छाती पुढं काढली. "ऊस!"

"आणि?"

जन्मात पहिल्यांदा त्यांना कुणी 'आणि' विचारलं होतं. ते मदतीला माझ्याकडं बघायला लागले. मी पंख्याकडं बघितलं.

विश्रांती हवी म्हणून लेक सुनीता आईला राधानगरीकडं, आपल्या सासरी घेऊन गेली. जाताना बापाला म्हणाली, "आमच्यात निदान भात तरी घरचा हाय."

तिसऱ्या दिवशी सकाळी परड्यात खसाखसा आवाज आला. तात्या उभा ऊस तोडत होते. कारखान्याला जायला अजून कितीतरी महिने अवकाश असलेला, हिरवागार. गल्ली गोळा झाली.

"म्हशीला वैरण नको व्हय?" तात्या ओरडले.

चार सऱ्या मोकळ्या झाल्या. बुडखे उपटले. मग तिथं मेथी आली, पोकळा आला, मांडवावर दोडक्याचा वेल चढला. विचारणाऱ्याला तात्या सांगायचे, "कंपनीचा प्रयोग हाय. बियाणं तपासाय दिलंय." कुठली कंपनी? "सांगायची बंदी हाय." गाव पोट धरून हसलं. मीही हसलो.

एका सुट्टीदिवशी त्यांची गाडी पंक्चर झाली. म्हणाले, रंकाळा स्टँडवर सोड. मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली पिशवी आणि दुधाची बाटली. राधानगरीच्या एसटीत दोन्ही त्यांनी कंडक्टरच्या हवाली केलं. कंडक्टरनं काही विचारलं नाही. त्याला सवय झालेली दिसत होती.

मग तात्यांनी फोन लावला. ऐकू कमी येतं म्हणून स्पीकरवर, आणि आवाज असा की स्टँडला दुसरा भोंगा नको.

"पोकळा धाडलाय! तू खायाचा! जावयाला द्यायचा न्हाय, त्यो टुणटुणीत हाय!"

पलीकडं काकी हसल्या. "व्हय. तुमी जेवलासा?"

"ते ऱ्हाऊ दे." आवाज एकदम खाली आला. "दोडकी लागल्यात गं. पर कवळं कुठलं न् जून कुठलं, मला कळंना झालंय."

"नख लावून बघायचं की. कवळ्यात रुततंय."

"लावलं. तरीबी कळंना."

एसटी सुटली, वळणावरनं दिसेनाशी झाली, तरी फोन चालूच होता. तात्या त्याच्या काचेकडं बघत उभे.

"आयतवारी येतो मी," काकी म्हणाल्या.

"सकाळच्या गाडीनं ये," तात्या म्हणाले. "दुपारचं ऊन लय हाय."