नखभर लांब पाय

परतूरच्या देशमुख बाईंनी शाळेची सगळी वर्षं मला आपल्या ओसरीत अभ्यासाला बसू दिलं, म्हणून मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. आता गुडघ्यांमुळे बाईंना खाली बसवत नाही. त्यांना खुर्ची पाठवायची आणि ती सुंदररावांच्याच हातची, असं मी ठरवलं.

सुंदरराव तंजावरी मराठी. इकडे तमिळ मुलखात, गिंडीला आमच्या कंपनीमागच्या शेडमध्ये ते पाडलेल्या घरांच्या सागवानी दारांतून आणि बसच्या जुन्या स्प्रिंगांच्या पट्ट्यांतून खुर्च्या घडवतात. एकीची पाठ खेकड्यासारखी, एकीचे हात म्हणजे बगळ्याच्या माना. लोक आधी भोवती फिरतात, मग बसतात. बसले की खुर्ची डुगडुगते, कारण तिचा एक लोखंडी पाय मुद्दाम नखभर लांब असतो.

“जमीन बघितल्यावाचून पाय घासायचा नाही,” हा त्यांचा कायदा. खुर्ची घरी पोचली की ते पिशवीत कानस घेऊन जातात आणि तिथल्या फरशीवर पाय बेताचा करतात.

“परतूर?” ते म्हणाले. “तिथवर कोण नेणार मला? दुसऱ्याकडून घे.”

मी गाड्यांच्या कारखान्यातला इंजिनिअर. चार स्क्रू करवून नेले. “मामा, हे पायांखाली लावा. बाई फिरवून खुर्ची नीट करतील. कुणी जायलाच नको.”

त्यांनी स्क्रू बराच वेळ निरखले. “सरी, सरी,” ते तमिळमध्ये ‘बरं, बरं’ म्हणाले. “छान केलेस. तुझ्या गाडीला लाव.”

मीही हट्ट सोडला नाही. रोज संध्याकाळी शेडमध्ये जाऊन बसायचो. शेवटी ते वैतागून म्हणाले, “टी. नगरला एक पाय घासायचाय. चल, बघ, मग बोल.”

तिथे कमलाताईंनी दार उघडलं. त्याही तंजावरकडच्या.

“मामा, खुर्ची हलत नाही. मागच्या महिन्यात घासलीत की.”

“आज नाही हलत. फरशीचा काय भरवसा?”

“फरशी कुठे पळून जाते? बसा, कॉफी ठेवते.”

मामांनी खुर्चीच्या पायावरून हात फिरवला, मुलाच्या कॉलेजची चौकशी केली, सांबारात हिंग कमी पडल्याचं वासावरून सांगितलं. कानस पिशवीतून बाहेर आलीच नाही.

जिना उतरताना म्हणाले, “घरी मीही करतो रे कॉफी. पण फिल्टरमधून एका कपापुरतं डिकॉक्शन नीट उतरत नाही.”

मी खिशातले स्क्रू खिशातच ठेवले.

“मामा, पाय लांबच ठेवा. गाडीचं तिकीट मी काढतो.”

“तिकडे कॉफी मिळते?”

“चहा मिळतो.”

थोडं चालून ते म्हणाले, “सरी.”

खुर्ची तयार झाली, त्याच आठवड्यात मी पत्र टाकलं:

आदरणीय बाई,
सा. न.

खुर्ची निघाली आहे. आली की हलेल. पायाखाली पुठ्ठा घालू नका, हलू द्या. मागोमाग सुंदरराव येतील. एका बैठकीत काम होईल, पण त्यांना लगेच निरोप देऊ नका. ओसरीत झालं की खुर्ची माजघरात न्या, मग स्वयंपाकघरात. आपल्या घरात प्रत्येक खोलीची जमीन वेगळी आहे, असं मी त्यांना सांगून ठेवलं आहे.

आपला विद्यार्थी,
दत्ता